कुमार नदीकाठचे बाजितपूर

गयेच्या श्राद्धविधीविषयी याच सदरात लिहिताना भारत सेवाश्रम संघ या संन्याशांच्या सेवाभावी संस्थेच्या तेथील यात्रीनिवासाचा उल्लेख एका वाक्यात केला होता. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली तेवढी मूळ विषयावरही आली नाहीत. बहुतेक पत्रे मुंबई-ठाण्याची आहेत. काहींत जिज्ञासा आहे, काहींत शंका आणि दोन-तीन पत्रांत निकड आहे. निकडीच्या पत्रांना टपालाने आधीच उत्तर पाठवले आहे, तरीही त्यांतील एक प्रश्न सर्वांच्या उपयोगाचा असल्यामुळे येथे पुन्हा घेतला आहे.

संघाचे संस्थापक स्वामी प्रणवानंद यांचे जन्मगाव बाजितपूर, असे वाचले. नकाशात शोधले तर बाजितपूर किशोरगंज जिल्ह्यात निघाले. जुन्या पुस्तकात मात्र फरीदपूर जिल्हा दिला आहे. खरे कोणते, आणि हे गाव कसे आहे?
(एक वाचक, गिरगाव)

बाजितपूर नावाची दोन्ही गावे खरी आहेत, आपल्याला हवे ते दुसरे. किशोरगंजचे बाजितपूर हे उपजिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे नकाशावर आधी तेच सापडते. स्वामी प्रणवानंदांचे बाजितपूर पद्मा नदीच्या दक्षिणेला, आजच्या मादारीपूर जिल्ह्यातील राजैर उपजिल्ह्यात आहे. जुन्या पुस्तकातील फरीदपूरही चुकीचे नाही, कारण मादारीपूर हा १८७३ पासून फरीदपूर जिल्ह्याचा उपविभाग होता आणि त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८४ साली. ब्रिटिश अमदानीतील बंगाल, १९४७ नंतरचा पूर्व पाकिस्तान आणि १९७१ नंतरचा बांगलादेश, असे तीन देशकाल या गावाने जागचे न हलता पाहिले आहेत.

गाव कुमार नदीच्या काठचे. ही कुमार फरीदपूरजवळ पद्मेपासून फुटते आणि मादारीपूरच्या बाजूला आडियाल खाँ या पद्मेच्याच दुसऱ्या फाट्याला जाऊन मिळते. आपल्याकडे सह्याद्रीत उगम पावलेली नदी वाटेत ओढे-नाले पोटात घेत मोठी होत जाते. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात याच्या नेमके उलट घडते, म्हणजे महाकाय झालेली नदी समुद्राच्या ओढीने फुटत फुटत अनेक वाटांनी निघते आणि प्रत्येक वाट वर्षागणिक थोडी सरकते, कुठे गाळाने भरते, कुठे काठ खाते. घर बांधायचे तर तेथे आधी माती उपसून उंच जोते घालावे लागते. जोत्यावर घर उभे राहते आणि माती काढलेल्या खड्ड्याचे तळे होते. भरपावसात शेजारच्या वाडीवर जायलाही होडी काढावी लागते. ज्यांनी खाडीवरच्या जुन्या तरी (होड्या) पाहिल्या आहेत त्या कोकणातील वाचकांना याची थोडीफार कल्पना येईल, पण कोकणात पाण्याच्या पाठीशी डोंगर असतो आणि तेथे चढून जायला डोंगर नाही. भात, ताग आणि मासळी ही या भागाची ओळख. हिवाळ्यात येथे शिंदीच्या झाडांचा रस काढून त्याचा गूळ करतात. बंगाली मिठाईच्या दुकानांत हिवाळ्यात जो खजुराचा गूळ म्हणून मिळतो तो याच झाडाचा, आणि मादारीपूर जिल्हा आजही त्यासाठी नावाजलेला आहे.

अशा गावात विष्णुचरण भुइयाँ आणि शारदादेवी यांच्या पोटी २९ जानेवारी १८९६ रोजी, माघी पौर्णिमेला, एक मुलगा जन्मला. त्याचे घरचे नाव विनोद. या मुलाने पुढे जे केले त्याची बीजे केवळ ध्यानधारणेत शोधणे मला अपुरे वाटते. वादळाने घर गेलेला शेजारी रात्रीपुरता कोणाच्या तरी जोत्यावर येऊन बसतो, हे ज्या गावात दर काही वर्षांनी घडते, त्या गावच्या माणसाला छपराचा अर्थ कळायला ग्रंथ वाचावा लागत नाही.

कैलास-मानससरोवराचा शोध घेणारे स्वामी प्रणवानंद ते हेच का?
(एक वाचक, दादर)

नाहीत. गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण दोघांचे नाव एक आणि जन्मवर्षही एकच, १८९६. मानससरोवराची अनेकदा यात्रा करून त्या प्रदेशाच्या भूगोलावर संशोधन करणारे स्वामी प्रणवानंद मूळचे आंध्रातील. त्यांना १९७६ साली पद्मश्री मिळाली आणि ते १९८९ पर्यंत होते. आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत ते बंगालचे स्वामी प्रणवानंद ८ जानेवारी १९४१ रोजी कोलकात्यात निवर्तले. त्यांना पंचेचाळीस वर्षे पुरी व्हायला त्या दिवशी तीन आठवडे उरले होते.

आमच्या घरी वारी आहे. स्वामीजींचे गुरू नाथपंथी होते, असे कळते. मग त्यांनी शंकराचार्यांच्या परंपरेतला दशनामी संन्यास कसा घेतला? एका माणसाचे दोन संप्रदाय असू शकतात का?
(एक वाचक, ठाणे)

वारकरी घरातून हा प्रश्न यावा याचा मला विशेष आनंद झाला, कारण त्याच्या उत्तराचा धागा आळंदीपर्यंत येतो. विनोद ब्रह्मचारी यांनी १९१३ साली गोरखपूरच्या गोरखनाथ मठातील योगिराज गंभीरनाथ यांच्याकडून दीक्षा घेतली. गंभीरनाथ हे त्या काळातील नाथपंथातले फार मोठे नाव. गयेजवळच्या कपिलधारेला त्यांनी दीर्घ साधना केली होती. मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव ही जी परंपरा ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव स्वतः सांगतात, तिच्यातील गोरक्षनाथांचेच हे पीठ. ब्रह्मगिरीच्या परिसरात निवृत्तिनाथांना जी दीक्षा लाभली आणि बाजितपूरच्या एका सतरा वर्षांच्या मुलाला गोरखपूरला जी मिळाली, त्या दोहोंमध्ये सहा शतकांहून अधिक काळाचे अंतर आहे, पण मूळ एक आहे.

दीक्षेनंतर त्यांनी गावी परतून साधना केली. मधल्या काळात, १९१४ साली, क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्यांना पकडले होते. मादारीपूर हे त्या वेळी गुप्त क्रांतिकार्याचे मोठे केंद्र होते आणि व्यायाम, ब्रह्मचर्य व अबोल वृत्ती या तिन्ही गोष्टी पोलिसांच्या नजरेत संशयाला पुरेशा होत्या. पुराव्याअभावी ते सुटले. १९१६ च्या माघी पौर्णिमेला बाजितपुरात कदंबाच्या झाडाखाली त्यांना सिद्धी लाभली, अशी संघाची श्रद्धा आहे, आणि १९१७ हे संघाच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते. गंभीरनाथांनीही त्याच वर्षी देह ठेवला.

दशनामी संन्यास हा नंतरचा टप्पा. १९२४ साली प्रयागच्या अर्धकुंभात स्वामी गोविंदानंद गिरी यांच्याकडून त्यांनी विधिपूर्वक संन्यास घेतला आणि विनोद ब्रह्मचारींचे आचार्य स्वामी प्रणवानंद झाले. आपला ‘कसे’ हा प्रश्न येथेच आहे. मंत्रदीक्षा ही साधकाच्या अंतरंगाची गोष्ट असते, तर संन्यास हा आश्रमधर्म आहे, आणि त्याला अखिल भारतात मान्य असलेली एक शिस्त आहे. ज्याला शिष्यांचा संघ उभारायचा आहे त्याला दीक्षेबरोबर या संन्यासाचीही गरज असते. म्हणून दोन संप्रदाय असे न म्हणता, अंतरंग नाथांचे आणि वस्त्र दशनामींचे, असे म्हटले तर वस्तुस्थितीला धरून होईल. आपल्याकडेही एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तोपासक आणि स्वतः नाथ मात्र विठ्ठलाच्या रंगात रंगलेले, हे आपण सहज स्वीकारतोच.

संन्याशाने यात्रेकरूंच्या मुक्कामाची, पंड्यांच्या (तीर्थपुरोहितांच्या) दरांची उठाठेव का करावी? हे काम नगरपालिकेचे नव्हे का?
(एक वाचक, डोंबिवली)

आपला प्रश्न रोखठोक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

गया हे हिंदूंच्या पितृकार्याचे सर्वांत मोठे क्षेत्र. मराठी माणसाचा तेथे जुना राबता आहे. आज ज्या विष्णुपद मंदिरात पिंड ठेवले जातात ते मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८७ साली बांधून घेतलेले आहे. गयेला जाणारा माणूस हौसेने जात नाही. त्याच्या घरचे कोणी गेलेले असते, विधी चुकला तर त्या जिवाची गती अडेल अशी धास्ती मनात असते, भाषा परकी असते आणि बहुतेकदा हातात मोजके पैसे असतात. शोक, भीती आणि अनोळखी जागा या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस कोणत्याही मागणीला मान डोलावतो. शंभर वर्षांपूर्वी याच गोष्टीचा फायदा घेऊन तेथे यात्रेकरूंना लुबाडण्याचे प्रकार सर्रास होत होते. ‘सुफल’ म्हणण्यासाठी, म्हणजे श्राद्ध सफल झाले असे उच्चारण्यासाठी, यजमानाला अडवून धरले जाई आणि गरीब माणसे कर्जरोखे लिहून देऊन परतत. सगळे पंडे असे नव्हते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. कित्येक गयावाळ, म्हणजे गयेच्या पंड्यांच्या, घराण्यांनी आपल्या वह्यांत महाराष्ट्रातील कुळांच्या कितीतरी पिढ्यांची नावे निष्ठेने जपून ठेवली आहेत आणि माझ्या पणजोबांची सही मी स्वतः तशाच एका वहीत पाहिली आहे.

स्वामी प्रणवानंदांनी १९२४ साली गयेला तीर्थसंस्काराचे काम हाती घेतले. त्यांनी पंड्यांविरुद्ध व्याख्याने देत फिरण्यापेक्षा वेगळी वाट धरली. यात्रेकरू स्थानकावर उतरताच त्याला विश्वासू माणूस भेटावा, त्याला राहायला सुरक्षित जागा मिळावी, विधी नीट सांगणारा पुरोहित मिळावा आणि दक्षिणा त्याच्या ऐपतीप्रमाणे ठरावी, एवढीच व्यवस्था त्यांनी उभी केली. संघाच्या तरुण ब्रह्मचाऱ्यांना याचा त्रासही सोसावा लागला, कारण अनेकांच्या पोटावर त्यामुळे पाय येत होता. तरीही गयेनंतर काशी, प्रयाग, पुरी, वृंदावन, हरिद्वार, कुरुक्षेत्र अशी एकेक तीर्थस्थळी संघाची यात्रीनिवासे होत गेली. ज्याला पाठ फिरवून जाता येते त्याला फसवणे कठीण असते. यात्रेकरूला ती पाठ फिरवण्याची सोय छपराने मिळाली. मला ही सुधारणेची अत्यंत शहाणी पद्धत वाटते.

यात एक व्यक्तिगत आठवण सांगण्याची परवानगी असावी. वडील गेल्यावर मी आणि माझी आई गयेला गेलो तेव्हा गाडी फार उशिरा पोहोचली होती. स्थानकाबाहेर चार जणांनी आमच्या पिशव्या एकाच वेळी धरल्या. आमचे आडनाव, गाव, गोत्र त्यांना सांगण्याआधीच ठाऊक असल्याचे ते सांगत होते. आई घाबरून गप्प झाली. आम्ही कसेबसे संघाच्या दारात पोहोचलो तेव्हा भगव्या वस्त्रातील एका तरुणाने वही पुढे करण्याआधी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आईला विचारले, “माँ, खाना हुआ?” त्या प्रवासात आई तेव्हा पहिल्यांदा रडली. दुसऱ्या दिवशी फल्गूच्या कोरड्या वाळूत बसून पिंडदान झाले. तो विधी मला आता तुकड्यातुकड्यांनी आठवतो, पाण्याचा तांब्या मात्र पुरता आठवतो.

नगरपालिका दिवे लावील, रस्ते झाडील आणि दरपत्रकही टांगील. रात्री उशिरा दार उघडणारा माणूस ठेवणे हे मात्र ज्याने त्यासाठी आयुष्य वाहिले आहे त्याचेच काम आहे, आणि ते संन्याशाला शोभत नाही असे मला कोणत्याही अर्थाने म्हणवत नाही.

भारत सेवाश्रम संघ ही रामकृष्ण मिशनचीच शाखा आहे का? दोन्हीकडे भगवी वस्त्रे, दोन्हीकडे बंगाली साधू आणि दोन्हीकडे दवाखाने दिसतात.
(एक वाचक, खार)

दोन्ही संस्था पूर्णपणे स्वतंत्र आहेत. रामकृष्ण मिशनची स्थापना स्वामी विवेकानंदांनी १ मे १८९७ रोजी केली. आपल्या खारच्या आश्रमाचा आरंभ १९२३ चा. भारत सेवाश्रम संघाची परंपरा, गुरू आणि कारभार वेगळा असून त्याचे मुख्य कार्यालय दक्षिण कोलकात्यात बालीगंजला आहे.

स्वभावातही फरक जाणवतो. संघाची जडणघडण वादळ आणि दुष्काळ यांच्या मदतकेंद्रांत झाली. १९१९ साली पूर्व बंगालला मोठ्या चक्रीवादळाचा तडाखा बसला आणि १९२१ मध्ये खुलना जिल्ह्यात दुष्काळ पडला, तेव्हा विनोद ब्रह्मचारी आपले तरुण सोबती घेऊन सुंदरबनाच्या तोंडावरील आशाशुनी भागात अन्नवाटपासाठी उतरले. त्या दुष्काळातील मदतकार्याची धुरा आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी वाहिली होती, आणि या मुलांचे काम पाहून ते प्रभावित झाले. प्रभादेवीला वीर सावरकर मार्गाने जाताना बेंगाल केमिकल्सची जागा आपण पाहिली असेल. ती कंपनी ज्यांनी काढली तेच हे रसायनशास्त्रज्ञ. पुढे १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि फाळणीनंतरचे निर्वासित, असे एकामागून एक प्रसंग येत गेले आणि मदतकार्य हा संघाचा नित्यधर्म झाला.

संघाच्या इतिहासात ‘रक्षीदल’ आणि ‘हिंदू मिलन मंदिर’ असे शब्द येतात. मग ही सेवाभावी संस्था म्हणायची की एका धर्माची संघटना?
(एक वाचक, विलेपार्ले)

ती दोन्ही आहे आणि संघाने यातील काहीही लपवलेले नाही. १९३० च्या दशकात पूर्व बंगालमध्ये हिंदू-मुस्लिम संबंध फार ताणले गेले होते. तेथील खेड्यांत हिंदू समाज अल्पसंख्य होता आणि त्यातही जातींनी विभागलेला होता; फरीदपूर परिसरात नमःशूद्र समाजाची मोठी वस्ती होती आणि उच्चवर्णीयांनी त्यांना देवळाबाहेर ठेवले होते. प्रणवानंदांनी गावोगावी मिलन मंदिरे काढली ती सर्व जातींनी एकत्र बसावे, एकत्र पूजा करावी, एकत्र प्रसाद घ्यावा यासाठी. आणि स्वसंरक्षणासाठी तरुणांची रक्षीदले उभारली. त्यांतील पहिल्या कामाचे मोल मला दुसऱ्याहून फार मोठे वाटते. रत्नागिरीचे पतितपावन मंदिर १९३१ चे आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, हे लक्षात घेतले तर एकाच प्रश्नाने त्या वेळी देशाच्या दोन्ही टोकांना कसे अस्वस्थ केले होते ते दिसते. दलांविषयी मतभेद असू शकतात. तो काळ हिंसेच्या छायेतला होता आणि कोणत्याही एका बाजूची संघटना दुसऱ्या बाजूला धाक वाटावी अशीच असते, हे आपण मान्य केले पाहिजे.

मात्र पूर, वादळ आणि भूकंप यांतील मदतीत जातधर्म पाहायचा नाही ही संघाची घोषित भूमिका आहे. स्वामीजींचा जन्म आणि समाधी ज्या गावात आहे ते आज मुस्लिमबहुल देशात आहे आणि तेथील मठ आजही चालू आहे, ही गोष्ट या प्रश्नाचा विचार करताना नजरेआड होऊ नये.

माझ्या धाकट्या भावाला उपचारासाठी सांगलीहून परळच्या टाटा रुग्णालयात आणायचे आहे. मुंबईत आमचे कोणी नाही. वाशीच्या संघात राहण्याची सोय होते असे ऐकले. तेथे फक्त बंगाली माणसांनाच घेतात का, आणि आम्ही काय करावे?
(एक वाचक, सांगली)

टाटा रुग्णालय सुरू झाले २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, म्हणजे स्वामी प्रणवानंदांच्या निधनानंतर सात आठवड्यांनी. त्यांनी ते पाहिले नाही. परंतु गयेच्या स्थानकावर उतरणारा यात्रेकरू आणि परळला उतरणारा कर्करुग्णाचा नातेवाईक यांची अवस्था मला एकसारखीच वाटते. दोघेही घरच्या माणसासाठी आलेले, दोघांनाही शहर ठाऊक नसते, आणि दोघांनाही कोणी काही सांगितले तर ते खरे वाटते. म्हणूनच वाशीतील संघाच्या शाखेने कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्या निवासाची सोय करावी, हे गयेच्या कामाचेच पुढचे पाऊल आहे. टाटामध्ये बंगाल, बिहार, आसामकडून येणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी असल्यामुळे तेथे बंगाली अधिक ऐकू येते, एवढेच. बंगाली नसणे हा अडथळा नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. मुंबईत येण्याआधी सर्व जुने अहवाल, तपासणीच्या काचपट्ट्या, मूळ आधार कार्ड आणि शिधापत्रिका एका पिशवीत ठेवा, व त्या सर्वांच्या दोन-दोन छायाप्रती काढा. रुग्णालयात नोंदणी होऊन रुग्णाचा केस क्रमांक मिळाला की त्याच दिवशी तेथील वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. निवासासाठी शिफारसपत्र, आर्थिक मदतीचे अर्ज आणि धर्मशाळांची यादी हे सारे तेथूनच सुरू होते; बाहेर फुटपाथवर भेटणाऱ्या कोणाही ‘ओळखीच्या’ माणसाला खोलीसाठी आगाऊ पैसे देऊ नका. जागा कमी आणि गरजू फार, अशी कायमची स्थिती असल्यामुळे एकाच ठिकाणावर विसंबू नका. दादरला गाडगेबाबांच्या नावाने चालणारी धर्मशाळा रुग्णालयापासून जवळ आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. रुग्ण लहान मूल असेल तर कॉटन ग्रीनला सेंट ज्यूडची केंद्रे आहेत. या सर्व ठिकाणी विचारणा करून ठेवा.

वाशीला जागा मिळाली तर प्रवासाचा विचार आधी करा. हार्बर मार्गाने कुर्ला आणि तेथे मध्य रेल्वेची धिमी गाडी बदलून परळ, असा तो प्रवास आहे. किरणोत्सर्ग किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला सकाळच्या गर्दीत हा फार जड जातो. अपंग व कर्करुग्णांसाठी राखीव डबा असतो, त्याचा हक्काने उपयोग करावा. उपचार टाटाच्याच खारघरच्या केंद्रात ठरले तर मात्र वाशीइतकी सोयीची जागा नाही, कारण पनवेलकडे जाणारी लोकल थेट खारघरला नेते.

आपण पत्राच्या शेवटी “फुकट राहायला संकोच वाटतो” असे लिहिले आहे. तो संकोच मनातून काढा. अशा ठिकाणी ऐपतीप्रमाणे देणगी स्वीकारतात. आज नाही जमले तर भाऊ बरा झाल्यावर द्या. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा बांधल्या तेव्हा त्यांनी पै-पैसा गोळा केला तो अशाच, कधीतरी स्वतः उतरून गेलेल्या आणि पुन्हा उतरणाऱ्या माणसांकडून.

मी चेंबूरची, सासर बंगाली आहे. सासूबाईंचे माहेर फरीदपूरचे आणि त्यांची एकदा बाजितपूरला जाऊन समाधीचे दर्शन घेण्याची इच्छा आहे. त्यांचे वय ७४ आहे. हे जमण्यासारखे आहे का?
(एक वाचक, चेंबूर)

ताई, प्रकृती साथ देत असेल तर जमण्यासारखे आहे. पारपत्र आणि व्हिसा दोन्ही लागतील. बांगलादेशाचे उप-उच्चायुक्तालय मुंबईतच आहे, तेव्हा त्या वेळचे नियम आणि तेथील परिस्थिती तिकिटे काढण्याआधी तेथेच विचारून घ्या. गाव सीमेपलीकडचे असल्यामुळे दोन देशांतील वातावरण कसे आहे यावर बरेच अवलंबून असते.

सासूबाईंच्या आठवणीतला प्रवास बहुधा स्टीमरचा आणि फेरीबोटीचा असेल. ढाक्याहून दक्षिणेकडे यायचे तर पद्मा ओलांडण्यात तास न् तास जात आणि धुके पडले की रात्र काठावरच काढावी लागे. २५ जून २०२२ रोजी पद्मा सेतूचे उद्घाटन झाले, ६.१५ किलोमीटर लांबीच्या या पुलावरून आता मोटार थेट भांग्याकडे जाते. तेथून बरिशालच्या महामार्गाने पुढे आले की कुमार नदीकाठचे टेकेरहाट लागते. ती राजैर उपजिल्ह्यातील मोठी बाजारपेठ आहे आणि बाजितपूर त्याच उपजिल्ह्यात आहे. ज्येष्ठ व्यक्ती बरोबर असताना कोलकात्याहून जमिनीच्या मार्गाने बेनापोलची सीमा ओलांडण्यापेक्षा विमानाने ढाक्याला उतरून मोटारीने जाणे मला अधिक बरे वाटते, कारण सीमेवरच्या रांगांत उभे राहणे त्यांना झेपणार नाही.

स्वामीजींचे निधन कोलकात्यात झाले असले तरी त्यांचा देह बाजितपूरला नेऊन तेथे समाधी देण्यात आली. तेव्हा देश एक होता, मध्ये सीमा नव्हती. वर्षाचा मोठा उत्सव माघी पौर्णिमेला होतो. आपला मराठी महिना अमावास्येला संपत असला आणि उत्तरेकडचा पौर्णिमेला, तरी पौर्णिमेचे नाव दोन्हींकडे एकच असते, म्हणून कालनिर्णय पाहिलात तरी तारीख चुकणार नाही. आपल्याकडे जेजुरीला खंडोबाची माघी यात्रा भरते तोच हा दिवस. उत्सवात दर्शन घडते, पण गर्दीही फार असते. सासूबाईंना गाव डोळे भरून पाहायचे असेल, नदीकाठी थोडे बसायचे असेल, तर त्याच्या आठ-दहा दिवस आधी जा. तेव्हा थंडी असते, पाणी ओसरलेले असते आणि पहाटे शिंदीवरून उतरवलेला ताजा रस मिळतो. फरीदपूरच्या मुलीला त्याची चव सांगावी लागणार नाही.